कवळाणे ते बडोदे : श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे जीवनकार्य

मनुष्य कोणत्या घरी जन्माला येतो यावर त्याचे शिक्षण, विवाह, उद्योग, प्रतिष्ठा, किंबहुना त्याचे अवघे आयुष्य ठरून जावे, ही रीत आपल्या समाजात शतकानुशतके चालत आली. शेतकऱ्याच्या मुलाने गुरे राखावीत, मुलीने दहाव्या वर्षी सासर गाठावे, बालविधवेने उरलेला जन्म माजघराच्या अंधारात काढावा आणि अस्पृश्य मानलेल्याने गावकुसाबाहेर जन्मून गावकुसाबाहेरच मरावे, हा क्रम ईश्वरी संकेत समजून पाळला जाई. राजसत्ता हाती असूनही हा क्रम बदलण्यासाठी आयुष्य वेचणारे संस्थानिक थोडेच झाले. त्यांत बडोद्याचे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांचे स्थान फार वरचे आहे. या कार्याचे मूळ त्यांच्या स्वतःच्या बालपणात सापडते.

बालपण व दत्तविधान

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे लहानसे खेडे आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेतीवाडी करून राहत असे. या घरातील काशीराव व उमाबाई यांच्या पोटी दि. ११ मार्च १८६३ रोजी गोपाळचा जन्म झाला. राजघराण्याचे आडनाव होते, पण राजवैभवाशी संबंध उरलेला नव्हता. इतर कुणब्यांच्या मुलांप्रमाणेच गोपाळ शिवारात वाढला. वयाची बारा वर्षे उलटली तरी त्याला अक्षरओळख झालेली नव्हती. त्याच्या वयाच्या खेड्यातील बहुतेक मुलांची स्थिती तीच असल्याने त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

इकडे बडोद्यास मोठी उलथापालथ चालली होती. १८७० साली खंडेराव महाराज निवर्तले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीत राज्यकारभार बिघडला. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप महाराजांवर आला आणि १८७५ च्या एप्रिल महिन्यात इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. गादीला वारस हवा होता. खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली व घराण्याच्या शाखांत मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून गोपाळ व त्याची भावंडे बडोद्यास आणण्यात आली. कशासाठी आलास, असे विचारता राज्य करण्यासाठी आलो, असे गोपाळने बेधडक सांगितले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. ती कितपत खरी हे सांगणे कठीण असले तरी महाराणींची निवड गोपाळवर ठरली, हे इतिहाससिद्ध आहे. दि. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन गोपाळचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले व दि. १६ जून रोजी ते गादीवर बसले.

एका महिन्याच्या आत एका निरक्षर शेतकरीपुत्राचे भाग्य पालटले. जी पाटी कवळाण्यात त्याच्या हाती आली नव्हती ती आता राजवाड्यात आली. एलियट यांच्यासारखे शिक्षक लाभले. मराठी, गुजराती, इंग्रजी व उर्दू या भाषांचे, इतिहास-गणिताचे पाठ सुरू झाले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. उशिरा सुरू झालेल्या या अभ्यासासाठी अल्पवयीन महाराजांना दिवसाचे कित्येक तास खर्चावे लागत. बुद्धी तीच होती, मुलगाही तोच होता. फरक पडला तो संधीचा. ही गोष्ट ते पुढे कधी विसरले नाहीत, याची साक्ष त्यांचा सारा कारभार देतो.

दि. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार प्राप्त झाले. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली या प्रांतांत विखुरलेले आणि मध्ये इंग्रजी व इतर संस्थानी मुलखाने तुटलेले असे हे राज्य होते. राज्यकर्ते मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती. महाराजांनी राज्याच्या कानाकोपऱ्यात दौरे केले आणि प्रजेची स्थिती डोळ्यांनी पाहिली.

शाळेचे दार

अधिकार हाती येताच अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढण्याचे काम सुरू झाले. या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत ना. म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. शाळा निघाली, पगाराची तरतूद झाली, तरी शिक्षक मिळू नये, यावरून काम किती बिकट होते याची कल्पना येते. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पाचारण करून अंत्यज शाळा व वसतिगृहे यांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपविण्यात आली. नवसारी प्रांताच्या डोंगराळ भागातील आदिवासी मुलांसाठी सोनगड येथे वसतिगृह उघडले गेले.

तथापि ठराविक जातींपुरत्या शाळा काढून भागणार नाही, प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे, हा महाराजांचा निश्चय होता. १८९३ साली अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी आरंभिला. खुद्द इंग्लंडमध्ये शाळेत जाणे सक्तीचे होऊन तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती. इंग्रजी हिंदुस्थानात तर असा विचारही कोणी मनावर घेत नव्हते. अमरेलीचा अनुभव तेरा वर्षे पारखून पाहिल्यावर १९०६ साली हा कायदा संपूर्ण राज्याला लागू करण्यात आला. विशेष हे की, मुलींनाही तो लागू होता. मात्र मुलींची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवावी लागली, कारण त्यापुढे मुलगी शाळेत ठेवायला त्या काळचे आईबाप राजी नसत.

विरोध सर्वत्र उघड होता असे नाही. पुष्कळदा तो मुका असे. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला मुलाचे दोन हात हवे असत. लहान भावंडांना सांभाळण्यासाठी मुलगी घरी हवी असे. गैरहजेरीचा दंड भरणे गरिबाला जड जाई आणि दंड वसूल करणे अधिकाऱ्यालाही नकोसे वाटे. कित्येक मुले चार इयत्तांच्या आत शाळा सोडत आणि काही वर्षांत शिकलेले विसरून पुन्हा निरक्षर होत. या उणिवा महाराजांच्या ध्यानात आल्या होत्या. म्हणून त्यांनी कायदा मागे घेतला नाही. त्याला जोड दिली. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात २००९ साली झाला, म्हणजे अमरेलीच्या प्रयोगानंतर तब्बल ११६ वर्षांनी.

विवाह, वैधव्य आणि स्त्रीजीवन

मुलगी शाळेत टिकायची तर तिचा विवाह लांबला पाहिजे, हे उघड होते. १९०४ साली बडोद्यात बालविवाह प्रतिबंधक निबंध अमलात आला. संस्थानात कायद्याला निबंध म्हणत. त्यानुसार वधूचे वय किमान बारा व वराचे किमान सोळा ठरविण्यात आले. आजच्या दृष्टीने ही वये फारच लहान वाटतात; पण पाळण्यात लग्ने लावण्याची चाल असलेल्या जातींना ती अतिशय मोठी वाटली. पुष्कळ ठिकाणी वधूपित्यांनी लग्न लावले आणि दंड भरला. दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चातच धरली जाऊ लागली. कायद्याचे बळ येथे कमी पडले हे खरे. तरीही बालविवाह हा गुन्हा आहे ही गोष्ट प्रथमच गावोगावच्या चावडीत पोहोचली. इंग्रजी हिंदुस्थानात शारदा कायदा येण्यास १९२९ साल उजाडले. विधवाविवाहाला कायद्याचे संरक्षण देण्यात आले. १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा निबंध झाला. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा विचारही बोलून दाखविणे शक्य नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे धैर्य कळते.

या सर्व कार्यात महाराजांच्या गृहजीवनाची सावली पडलेली आहे. १८८० साली त्यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले गेले. पाच वर्षांतच, १८८५ च्या मे महिन्यात, त्या ऐन तारुण्यात क्षयाने निवर्तल्या. त्यांच्या दोन कन्या बालपणीच गेल्या होत्या. मागे उरले ते युवराज फत्तेसिंहराव. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) म्हणून बडोद्यास आल्या. त्या पतीच्या प्रोत्साहनाने शिकल्या, पडद्याबाहेर आल्या, हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथलेखनात सहभागी झाल्या आणि १९२७ साली पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा झाल्या. निराधार व गरजू स्त्रियांना हातास काम मिळावे म्हणून त्यांच्या नावे बडोद्यात स्त्री उद्योगालय निघाले.

सुधारकाच्या घरातही सुधारणेची कसोटी लागतेच. राजकन्या इंदिराराजे यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. १९११ साली तो त्यांनी स्वतः मोडला आणि कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र यांच्याशी लग्न करण्याचा आग्रह धरला. मुलींना शिकवा, त्यांचे वय वाढू द्या, असे प्रजेला सांगणाऱ्या महाराजांना स्वतःच्या शिकलेल्या मुलीची निवड मान्य करणे जड गेले. १९१३ साली तो विवाह लंडनमध्ये झाला, आईवडिलांच्या अनुपस्थितीत. थोर पुरुषाच्या चरित्रात असे प्रसंग झाकून ठेवण्याची गरज नाही. समाजाकडून आपण काय मागत आहोत आणि त्याची किंमत घरात किती पडते, हे त्यांना या प्रसंगी अनुभवास आले.

दक्षिणा, पौरोहित्य आणि देवळे

धर्मक्षेत्रातही महाराजांनी हात घातला. बडोद्यात ब्राह्मणांना खिचडी व श्रावणमासी दक्षिणा वाटण्याची जुनी प्रथा होती. त्यावर मोठा खर्च होई आणि घेणाऱ्याची विद्या पाहिली जात नसे. महाराजांनी दानधर्माची परंपरा तोडली नाही. दक्षिणेला परीक्षेची जोड दिली, जेणेकरून ती विद्वानाच्या हाती पडावी. १८९६ साली राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने होऊ लागली. कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण त्यानंतरचे.

१९१५ सालचा हिंदु पुरोहित निबंध तर देशात अपूर्व होता. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा दिली पाहिजे आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे, असा त्याचा आशय होता. यावर वादळ उठले. परंपरेने चालत आलेल्या वृत्तीत सरकारने ढवळाढवळ करू नये, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. पण यजमान अज्ञानी राहावा ही धर्माची अपेक्षा असू शकत नाही, हा महाराजांचा विचार होता. विवाहात उच्चारली जाणारी वचने वधूवरांना कळावीत, ही मागणी आज कोणालाही वावगी वाटणार नाही.

१९३२ साली संस्थानच्या व्यवस्थेखालील देवळे अस्पृश्यांना खुली करण्यात आली. त्रावणकोरची सुप्रसिद्ध मंदिरप्रवेश घोषणा १९३६ ची. १९३३ साली जातीच्या पंचायतींकडून होणाऱ्या बहिष्कारादी छळाला आळा घालणारा जातित्रास निवारक निबंध झाला. देवस्थानांशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेल्या कुटुंबांना या दोन पावलांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. देवाच्या दारात उभे राहण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न कायद्याच्या कागदावर सुटतो त्याहून अधिक व्यवस्था पाहणाऱ्यांच्या अंतःकरणात सुटावा लागतो.

शिष्यवृत्तीचा हात आणि बंद दारे

प्राथमिक शाळेपाशी न थांबता बुद्धिमान तरुणास पुढे नेण्यासाठी महाराजांनी शिष्यवृत्त्या दिल्या. त्या देताना जात पाहिली नाही. गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या शिफारसीवरून एका महार विद्यार्थ्यास महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये मंजूर झाले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१२ साली ते पदवीधर झाले. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांच्या आधाराने, तीन वर्षांसाठी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता.

१९१७ च्या सप्टेंबर महिन्यात करार पाळण्यासाठी डॉ. आंबेडकर बडोद्यास आले. परदेशी विद्यापीठांत मानाने वावरलेल्या या विद्वानाला बडोदे शहरात राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून टेबलावर टाकीत; पिण्याचे पाणी मिळणे मुष्किल होते. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तर जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. त्यांच्या निवासाची व्यवस्था करण्यास महाराजांनी दिवाणांना सांगितले होते, पण तेही घडून आले नाही. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. स्टेशनकडे जाण्यापूर्वी एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले.

महाराजांच्या कारकिर्दीचा विचार करताना हा प्रसंग टाळता येत नाही. राजाने शाळा उघडली, शिष्यवृत्ती दिली, समुद्रापार पाठविले, परत आल्यावर अधिकारपदही दिले. पण त्याच राजाच्या राजधानीत त्या तरुणाला एक खोली मिळाली नाही. शासनाचा हात शाळेच्या फळीपर्यंत पोहोचला, शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला नाही. महाराज मात्र या कार्यापासून मागे हटले नाहीत. १९१८ च्या मार्च महिन्यात मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय परिषद भरली तिचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. आणि जी शिष्यवृत्ती देऊन बडोद्याला एक अधिकारी लाभावयाचा होता, तिच्यातून देशाला राज्यघटनेचा शिल्पकार लाभला.

ग्रंथालये, उद्योग व उत्तरायुष्य

शाळा सुटल्यावर वाचन सुटू नये म्हणून महाराजांनी ग्रंथालयांची योजना हाती घेतली. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी करण्यात आली. गावाने काही रक्कम जमवावी, तितकीच सरकारने व तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी, अशा पद्धतीने खेड्याखेड्यांत वाचनालये निघाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. स्त्रियांसाठी व बालकांसाठी वेगळे विभाग होते. कवळाण्यासारख्या खेड्यातील मुलाला शाळेनंतरही पुस्तक मिळावे, ही त्यामागची दृष्टी होती. हाताला कसब यावे म्हणून १८९० साली कलाभवन स्थापन झाले. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. शहराला आजव्याचे पाणी मिळाले.

महाराजांवर टीकाही झाली. प्रकृतीच्या कारणास्तव त्यांचे वास्तव्य वर्षानुवर्षे परदेशात होई. त्यामुळे कारभार अधिकाऱ्यांवर विसंबे. राजधानीतील वाड्यांवर झालेला खर्चही डोळ्यांत भरण्यासारखा होता. १९११ च्या दिल्ली दरबारातील वर्तनामुळे इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाली ती वेगळीच. घरचे दुःख तर एकामागून एक आले. १९०८ साली युवराज फत्तेसिंहराव, १९१९ साली शिवाजीराव आणि १९२३ साली जयसिंहराव, असे तीन तरुण पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. राज्यातील मुलांसाठी इतके करणाऱ्या पित्याच्या वाट्याला हे पुत्रशोक यावेत, हा दैवदुर्विलास होय.

राज्यारोहणास साठ वर्षे झाल्याबद्दल १९३६ साली हीरकमहोत्सव साजरा झाला. त्या निमित्ताने ग्रामीण गोरगरिबांच्या कल्याणासाठी महाराजांनी एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढला. दि. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. पुढे दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यात स्थापन झाले.

समारोप

महाराज सयाजीरावांचे सर्वच प्रयत्न सफल झाले असे नाही. बालविवाहाचा दंड लोकांनी भरून टाकला, शाळेतून मुले गळाली, डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहता आले नाही. परंतु जन्म, शिक्षण, विवाह, वैधव्य, उद्योग व उपासना या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर मनुष्याची वाट कोठे अडते हे त्यांनी पाहिले आणि त्या त्या ठिकाणी राज्याची शक्ती उभी केली. कवळाण्याच्या एका मुलाला जे दैवयोगाने लाभले ते सर्वांना हक्काने लाभावे, अशी त्यांची धडपड होती. ज्या दारांपाशी राजाची आज्ञा थांबली, ती दारे उघडण्याचे काम समाजातील प्रत्येक घराकडे आणि प्रत्येक संस्थेकडे राहिले. देवस्थानांनी चालविलेल्या शाळा, विद्यार्थ्यांना दिलेल्या शिष्यवृत्त्या, सर्वांसाठी मोकळे ठेवलेले सभामंडप हीच या लोकोत्तर राजाला वाहिलेली खरी पुष्पांजली ठरेल.